विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी: नकाशा वाचण्यापासून मंजुरीनंतरच्या पहाऱ्यापर्यंत

शहरात कुठे घरं, कुठे रस्ते, कुठे मैदानं हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याची खबर बहुतेकांना दोनच वेळा लागते. एकदा ‘आपल्या सोसायटीवरून रस्ता जातोय’ असा मेसेज ग्रुपवर फिरतो तेव्हा, आणि एकदा पालिकेची नोटीस दारावर चिकटते तेव्हा. पहिल्या वेळी मुदतीचे चार-पाच दिवस शिल्लक असतात. दुसऱ्या वेळी मुदत संपून काही वर्षं लोटलेली असतात आणि मग कोर्टाशिवाय फारसा मार्ग उरत नाही.

महाराष्ट्रात हे सगळं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने चालतं. महापालिका असो वा नगरपरिषद, पद्धत तीच. कलम ३८ प्रमाणे विकास योजनेचं, म्हणजे याच आराखड्याचं, वीस वर्षांतून निदान एकदा पुनरीक्षण करावं लागतं. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात अशा संधी तीन-चारच येतात. पण एका पुनरीक्षणात नागरिकाने तोंड उघडायच्या जागा मात्र अनेक असतात, आणि तिथेच लोक कमी पडतात. सगळे मधल्या एका टप्प्यावर गर्दी करतात. आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांवर कुणीच नसतं.

टप्पे आधी डोक्यात बसवा

पालिका सर्वप्रथम आराखडा तयार करण्याचा ‘इरादा जाहीर’ करते (कलम २३). राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना येते, त्यावरही लोकांकडून सूचना-हरकती मागवतात. त्यानंतर विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण होऊन त्याचा नकाशा बनतो (कलम २५). आज कुठे काय आहे हे त्यात दाखवलेलं असतं. मग प्रारूप आराखडा, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध होतो आणि हरकतींची मुदत सुरू होते (कलम २६). हरकती नियोजन समितीपुढे जातात, सुनावणी होते, अहवाल बनतो (कलम २८). सुधारलेला आराखडा राज्य सरकारकडे जातो (कलम ३०) आणि सरकार तो पूर्ण किंवा भागशः, बदलांसह किंवा बदलांविना मंजूर करतं (कलम ३१).

कलमांचे आकडे पाठ करायची गरज नाही, पण वहीत लिहून ठेवा. पालिकेच्या नगर रचना विभागात ‘साहेब, आराखड्याचं काय झालं?’ असं विचारलं तर ‘काम चालू आहे’ हे उत्तर मिळतं. ‘अठ्ठावीसचा अहवाल सादर झाला का?’ असं विचारलं की समोरचा माणूस फाइल बघायला उठतो.

पहिलं काम: विद्यमान जमीन वापराचा नकाशा तपासा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं सर्वात फायद्याचं आणि सर्वात दुर्लक्षित काम हेच आहे. पुढचं सारं नियोजन याच नकाशावर उभं राहतं. इथे तुमची बालवाडी ‘निवासी’ दाखवली गेली, आठवडी बाजाराची जागा ‘रिकामी जमीन’ झाली किंवा ओढा गायब झाला, तर नियोजनकाराच्या लेखी त्या गोष्टी नाहीतच. रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवर तो आरक्षण टाकणार, म्हणजे ती एखाद्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणार, आणि ओढ्यावरून रस्ता नेणार. त्यात त्याचा वाईट हेतू असायलाच हवा असं नाही.

मुंबईत काय झालं ते आठवा. २०१५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात चुका इतक्या निघाल्या की एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारला तो मागे घ्यायला लावून दुरुस्त करण्याचे आदेश द्यावे लागले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. त्या चुका शोधल्या कुणी? ठिकठिकाणच्या रहिवाशांनी, आपापल्या गल्लीपुरता नकाशा पाहून.

तपासणी अशी करा. आपल्या भागाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या. एका रविवारी सकाळी चार-पाच जण निघा, त्यात एक जुना रहिवासी हवाच आणि शक्यतो एखादी भाजीवाली किंवा रिक्षावालाही. रस्त्यांची माहिती या मंडळींना आपल्यापेक्षा जास्त असते. प्रत्येक चौकात थांबा आणि नकाशात दाखवलेलं जमिनीवर आहे का, जमिनीवरचं नकाशात आहे का, असं दोन्हीकडून पाहा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण नकाशात न दिसणारी वस्तू शोधायला तो कागद मदत करत नाही. झोपडवस्तीच्या जागी नकाशा कोरा आहे का? दवाखाना, अंगणवाडी, सार्वजनिक शौचालय, दफनभूमी, रिक्षा थांबा, पथारीवाल्यांची जागा, मुलं खेळतात ती मोकळी जागा, या सगळ्यांवर खुणा करा. प्रत्येक तफावतीला क्रमांक द्या, फोटो काढा, आणि फोटोत आजूबाजूची ओळखू येणारी एखादी इमारत येईल असं बघा.

ओढे-नाल्यांसाठी वेगळी मेहनत लागते. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा मिळतो. त्यात ओढा दुहेरी रेघेने काढलेला असतो. तो नकाशा आणि प्रारूप शेजारी ठेवलं की ओढा कुठे अरुंद झाला, कुठे वळवला आणि कुठे नाहीसाच झाला हे उघड दिसतं. नदीकाठी राहणाऱ्यांनी पाटबंधारे खात्याच्या पूररेषाही बघाव्यात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

या टप्प्यावर औपचारिक हरकतींची मुदत जाहीर झाली नसली तरी लेखी निवेदन देता येतं. आवक विभागात द्या, पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली ती प्रत पुढे दोनदा तरी कामाला येईल.

प्रारूप आलं की

राजपत्रातली सूचना वाचा. मुदत राजपत्रात सूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजतात. बातमी वर्तमानपत्रात कधी वाचली याच्याशी तिचा संबंध नाही. ही मुदत कधी ३० दिवसांची असते, कधी ६० दिवसांची. सूचनेत छापलेली तारीखच धरायची. ‘मुदतवाढ मिळणार आहे’ असं कुणी नगरसेवक सांगत असेल तर ऐकून घ्या आणि हरकत मात्र मूळ मुदतीतच द्या.

आराखड्याच्या प्रती पाहायला ठेवणं आणि वाजवी दराने विकत देणं पालिकेवर बंधनकारक आहे. नकाशाबरोबर अहवाल आणि नियमावलीही मागा. लोक फक्त नकाशा बघतात. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रीकृत नियमावली लागू आहे, त्यामुळे किती उंच बांधायचं, किती जागा सोडायची याची उत्तरं तिच्यात असतात. पण आरक्षणाची गरज कशी काढली, लोकसंख्या किती धरली, हे प्रारूपाच्या अहवालातच सापडतं. तुमचा सगळ्यात धारदार मुद्दा अनेकदा त्या अहवालातल्या एखाद्या तक्त्यात दडलेला असतो.

नकाशा वाचताना रंगांच्या भरवशावर राहू नका. पिवळा निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक ही सर्वसाधारण रीत आहे, तरी कोपऱ्यातली चिन्हसूची आधी बघा. मग तीन थर वेगळे करून पाहायचे. पहिला ‘विभाग’, म्हणजे जमीन कोणत्या वापराची ठरवली आहे ते. दुसरा ‘आरक्षण’, म्हणजे त्या जमिनीवर शाळा, उद्यान, दवाखाना असा कोणता सार्वजनिक हेतू टाकला आहे ते. आणि तिसरा थर प्रस्तावित रस्ते व रुंदीकरण. ‘निवासी विभागात आहोत, काही काळजी नाही’ म्हणणाऱ्याच्या प्लॉटवरून अठरा मीटरचा रस्ता जात असू शकतो.

जुना मंजूर आराखडा सोबत ठेवा. नव्या प्रारूपात काय आलं हे सगळे बघतात. काय गेलं ते शोधावं लागतं. वीस वर्षं ‘क्रीडांगण’ असलेली जागा नव्या नकाशात गुपचूप पिवळी झालेली असते आणि त्याबद्दल ओरडणारं कुणी नसतं. कारण तिथे कुणाचं घर पडत नाही. आरक्षण वगळल्याने ज्याचं नुकसान होतं तो ‘सगळे’ असतो, आणि ‘सगळे’ सुनावणीला येत नाहीत. आपल्या प्रभागातली जुनी आरक्षणं एका वहीत उतरवा: आरक्षण क्रमांक, हेतू, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र. पुढच्या रकान्यात नव्या प्रारूपात त्याचं काय झालं ते लिहा. दोघांना एका संध्याकाळचं काम आहे.

जागेचा सर्व्हे किंवा गट क्रमांक माहीत नसेल तर महाभूनकाशा संकेतस्थळावर पाहता येतो. गावठाण आणि शहरी भागात सिटी सर्व्हे क्रमांक मालमत्ता पत्रकावर असतो. नगर रचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला (ती कोणत्या विभागात येते याचा दाखला) आणि भाग नकाशा घेतला तर पुढे वाद होत नाही.

हरकत लिहिताना

हरकत घ्यायला जागेचा मालक असावं लागत नाही. कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो. भाडेकरू, फेरीवाला, शाळेत चालत जाणाऱ्या मुलांचे पालक, सगळे लिहू शकतात.

पालिकेकडे येणाऱ्या हरकतींपैकी पुष्कळ अशा असतात: ‘आमच्या भागात मैदान नाही, उद्यान नाही, वारंवार मागणी करूनही दुर्लक्ष झाले आहे, तरी साहेबांनी लक्ष घालून न्याय द्यावा ही नम्र विनंती.’ भावना खरी आहे. पण यावर समिती लिहिणार तरी काय? कोणती जागा, कोणता बदल, काहीच नाही. शेरा पडतो, ‘नोंद घेतली’.

त्याऐवजी असं लिहा:

‘प्रारूप विकास योजनेतील नकाशा पत्रक क्र. __ वर सर्व्हे क्र. __ ही जागा निवासी विभागात दर्शविली आहे. पूर्वीच्या मंजूर योजनेत याच जागेवर आरक्षण क्र. __ (क्रीडांगण, क्षेत्र __ चौ. मी.) होते. ते वगळण्याचे कारण अहवालात दिलेले नाही. या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरात दुसरे क्रीडांगण नाही, परिसरातील __ शाळांना स्वतःचे मैदान नाही (नकाशा व फोटो सोबत). मागणी: सदर आरक्षण कायम ठेवावे. ते शक्य नसल्यास सर्व्हे क्र. __ मधील पालिकेच्या मालकीच्या मोकळ्या जागेवर तेवढ्याच क्षेत्राचे आरक्षण दर्शवावे. सुनावणीत म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.’

यात जागा आहे, बदल आहे, कारण आहे, मागणी आहे आणि तोडगा आहे. ‘शक्य नसल्यास’ ही ओळ मला फार मोलाची वाटते. नुसत्या ‘नको’वर समितीला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं, पर्याय दिला की मधली वाट काढायला जागा मिळते. मात्र तो पर्याय दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ढकलू नका. ‘आमच्या बंगल्यांवरून रस्ता नको, पलीकडच्या वस्तीतून न्या’ अशा हरकती खूप येतात. त्या अन्यायाच्या असतातच, शिवाय कच्च्याही असतात, कारण पलीकडच्यांचीही हरकत त्याच समितीपुढे येऊन पडते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. रुंदीकरणाचा वाद असेल तर पलीकडच्यांशी आधी बसून बोला. रस्त्याची आखणी दोन्हीकडून समान धरणं किंवा शेजारच्या सरकारी जागेकडे सरकवणं अशी मागणी दोघांनी मिळून केली तर तिला वजन येतं.

आकडे घालायचे तर साधे घाला. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. तुमच्या प्रभागाची लोकसंख्या १५ हजार असेल तर दहाच्या हिशेबानेही दीड लाख चौरस मीटर, म्हणजे १५ हेक्टर जागा लागते. दाट वस्तीत एवढी कधीच मिळणार नाही, हे समितीलाही माहीत असतं. पण आज प्रत्यक्षात एक हेक्टर आहे आणि त्यातूनही अर्धा वगळताय, असं दाखवलं की उत्तर देणं अवघड जातं.

एका कागदावर एकच मुद्दा. रस्ता, मैदान आणि नाला असे तीन मुद्दे असतील तर तीन हरकती द्या, कारण प्रत्येकीला वेगळा क्रमांक पडतो आणि वेगळा निर्णय होतो.

आता झेरॉक्सबद्दल. एकच मजकूर पाचशे प्रतींत सह्या करून द्यायची आपल्याकडे हौस आहे. त्याचा उपयोग अगदीच नाही असं नाही, संख्येची बातमी होते आणि राजकारण्यांना ती कळते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. पण इतक्या ढिगात एकसारख्या हरकती बहुधा एकगठ्ठा ऐकल्या जातात आणि एकगठ्ठा निकाली निघतात. पाचशे सह्यांचं एक पत्र आणि सोबत दहा जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या कारणाने लिहिलेल्या दहा हरकती, हे मला जास्त परिणामकारक वाटतं.

सुनावणी

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. मुदतीत हरकत घेतलेल्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ही संधी म्हणजे दोन-तीन मिनिटं. बाहेर बाकांवर गर्दी, आत मोठं टेबल, नकाशाच्या सुरळ्या आणि तुमचा हरकत क्रमांक शोधणारा कर्मचारी.

म्हणून एकच माणूस बोलेल हे आधी ठरवा. आत गेल्यावर हरकत क्रमांक आणि मागणी पहिल्या वाक्यात सांगा, पार्श्वभूमी नंतर. आपल्या जागेभोवती लाल पेनने गोल केलेला एक मोठा नकाशा टेबलावर पसरा. समितीचे डोळे तिथे गेले की अर्धं काम झालं. भाषण करू नका, बिल्डर आणि अधिकाऱ्यांवर आरोप करू नका, ते खरे असले तरी. समितीतल्या कुणी प्रश्न विचारला तर ती चांगली खूण आहे, नीट उत्तर द्या. निघताना एक पानी लेखी टिपण देऊन त्याचीही पोच घ्या.

नोटीस दिवसाची वेळ देते आणि कामावर जाणाऱ्यांना ती जमत नाही. अशांनी लेखी अधिकारपत्र देऊन शेजाऱ्याला पाठवावं. गैरहजेरीत हरकत रद्द होत नाही, पण दुबळी नक्की होते.

सुनावणीनंतरची झोप

इथे सगळे घरी जातात. आणि खरी उलथापालथ याच्यापुढे होते. समिती फक्त शिफारस करते. त्यावर पालिकेची सर्वसाधारण सभा निर्णय घेते, लोकनियुक्त सभा नसेल तर प्रशासक. समितीने ठेवलेलं आरक्षण सभेत उडू शकतं, उडालेलं परत येऊ शकतं. बदल केलेला आराखडा प्रसिद्ध करतात तो लोकांच्या माहितीसाठी. त्यावर पुन्हा हरकती मागवतीलच असं नाही. म्हणून सभेच्या आधीच आपल्या नगरसेवकाला समितीच्या शिफारशीची प्रत नेऊन द्या. शिफारस मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, आणि प्रश्न एवढाच विचारायचा: ‘हरकत क्र. __ वरील नियोजन समितीचा अभिप्राय व त्यावरील निर्णयाची प्रमाणित प्रत मिळावी.’ तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

राज्य सरकारकडे आराखडा गेल्यावर मामला दूर गेल्यासारखा वाटतो. पुण्याचा तो २०१३ चा आराखडा २०१५ मध्ये सरकारने पालिकेकडून आपल्याकडे घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. एवढ्या काळात कुणी पाठपुरावा करत राहणं सोपं नाही. पण सरकारला मोठ्या स्वरूपाचे बदल करायचे असतील तर त्यावर नव्याने हरकती मागवाव्या लागतात. मंजुरीच्या अधिसूचनेसोबत दोन याद्या येतात: ‘एसएम’ म्हणजे बदलासह मंजूर केलेले भाग आणि ‘ईपी’ म्हणजे मंजुरीतून वगळून ठेवलेले भाग. आपला सर्व्हे क्रमांक ईपीच्या यादीत असेल तर तिथे तुम्हाला अजून एक दार उघडं आहे.

चिकाटीने काय साधतं याचं उदाहरणही पुण्यातलंच. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण असावं यासाठी नागरिक कित्येक वर्षं भांडत राहिले. सुमारे ९७८ हेक्टरवरचं ते आरक्षण मंजूर व्हायला २०१५ उजाडलं. हरकती, सुनावण्या, मंत्रालयातल्या फेऱ्या, सरकारं बदलली तरी तेच लोक तोच नकाशा घेऊन जात राहिले.

मंजुरीनंतर

मंजूर आराखडाही बदलता येतो. कलम ३७ खाली एखाद्या जागेपुरता फेरबदल करायचा तर सूचना प्रसिद्ध करून महिनाभरात हरकती मागवतात. या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, सर्व्हे क्रमांकांच्या भाषेत छापलेल्या असतात. आपल्या भागातले महत्त्वाचे सर्व्हे क्रमांक एका कागदावर लिहून भिंतीला लावा आणि मंडळातल्या कुणा निवृत्त माणसावर ही जाहीर सूचना वाचायची जबाबदारी द्या. पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा एक जण प्रत्येक सोसायटीत असतोच.

दुसरा धोका कलम १२७ चा. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही तर मालक पालिकेला खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी लेखी सूचना, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत १२ महिने होती) संपादनासाठी ठोस पाऊल उचललं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मालकाच्या बाजूनेही यात न्याय आहे. कुणाची जमीन वर्षानुवर्षं अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत हे चालू नये. पण मैदान हवं असलेल्या वस्तीने मग पालिकेला आधीच जागं करायला हवं. आरक्षणाला आठ वर्षं झाली की माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा: या आरक्षणाखालील जागेचं संपादन झालं आहे का, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद आहे का, आणि मालकाची कलम १२७ ची सूचना आली असल्यास ती कोणत्या तारखेची आहे. उत्तर हातात आलं की ते घेऊन अंदाजपत्रक ठरण्याच्या आधी प्रभाग कार्यालयात जा.